आठवड्याचे बारा तास

दोन्ही किडन्या निकामी झालेल्या माणसाचा आठवडा ठरलेला असतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार. नाहीतर मंगळवार, गुरुवार, शनिवार. दर वेळी साधारण चार तास डायलिसिस, म्हणजे यंत्रानं रक्त शुद्ध करून घेणं. त्याआधी हातावर छोटी शस्त्रक्रिया करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडून घेतात. हा फिस्टुला. तो तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. मग शीर फुगते, तिची भिंत जाड होते, वर बोटं ठेवली की आत थरथर जाणवते. त्या शिरेत दोन जाड सुया जातात. एकीतून रक्त बाहेर येतं, मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर, आणि हजारो केसासारख्या पोकळ तंतूंनी भरलेल्या नळकांड्यातून फिरून दुसरीतून परत अंगात जातं. तंतूंच्या बाहेरून उलट दिशेनं मिनिटाला ५०० मिलिलिटर द्रव वाहत असतो. चार तासांचा हिशोब केला तर १२० लिटर. निरोगी माणूस दोन महिन्यांत जेवढं पाणी पितो, तेवढं पाणी या माणसाच्या रक्ताच्या अगदी शेजारून चार तासांत जातं. मध्ये फक्त एक पातळ पडदा.

हे कायमचं असतं, एक तर नवी किडनी मिळेपर्यंत किंवा शेवटपर्यंत. दोन-चार खेपा चुकल्या की अंगावर पाणी चढतं, छातीत भरतं, झोपलं की दम लागतो. रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय कधी थांबेल सांगता येत नाही. खेपा न चुकवणाऱ्यांनाही आठवड्यातली दोन दिवसांची सुट्टी जड जाते. अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या नोंदी २०११ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा त्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूही जास्त आढळले आणि रुग्णालयात दाखल होणंही.

सरकारनं प्रत्येकाला किमान आरोग्यसेवेची हमी द्यावी की नाही, हा वाद बहुतेक वेळा मोठमोठ्या शब्दांत चालतो. एकीकडे हक्क आणि माणुसकी, दुसरीकडे तिजोरी आणि फुकटेपणा. लसीकरण, बाळंतपण, तापाची गोळी इथपर्यंत सगळ्यांचं जमतंही. ‘किमान’ या शब्दाचा खरा कस लागतो तो डायलिसिसच्या या खुर्चीपाशी. उपचार माहीत आहे, तो चालतो, त्यावर माणूस वर्षानुवर्षं जगतो, आणि तो इतका महाग आहे की बहुतेक घरं काही महिन्यांत बसतात. तो हमीत धरायचा का? जगानं या एका प्रश्नाला निरनिराळी उत्तरं दिली आहेत, आणि हमी म्हणजे काय ते त्या उत्तरांतून जितकं कळतं तितकं जाहीरनाम्यांतून कळत नाही.

पहिलं उत्तर अमेरिकेतल्या सिॲटलचं. १९६० मध्ये तिथल्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवून ठेवायची युक्ती शोधली. त्याआधी प्रत्येक डायलिसिसला नवी धमनी, नवी शीर उघडावी लागे, त्यामुळे थोड्याच खेपांत जागा संपत. नळीमुळे पहिल्यांदाच हे उपचार वर्षानुवर्षं चालवता येऊ लागले. १९६२ मध्ये केंद्र सुरू झालं, तेव्हा यंत्रं मोजकी होती आणि माणसं पुष्कळ. डॉक्टरांनी आधी वैद्यकीय चाळणी लावली. तीतून जे उरले त्यांतून निवड करायला सात जणांची समिती नेमली. त्यात वकील होता, धर्मगुरू होता, बँकवाला होता, गृहिणी होती, कामगार पुढारी होता. रुग्णाचं वय, लग्न, मुलं, उत्पन्न, शिक्षण, नोकरी, चर्चला जातो की नाही, हे सगळं पाहून ते ठरवत. बाकीचे मरत.

त्या समितीला नंतर पुष्कळ शिव्या बसल्या, आणि त्या रास्त होत्या. पण तिथे एक गोष्ट लपलेली नव्हती. कोणीतरी निवडतंय, हे सगळ्यांना दिसत होतं. ते दिसलं म्हणूनच लोकांना सहन झालं नाही.

नोव्हेंबर १९७१ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर एका रुग्णावर तिथल्या तिथे डायलिसिस करून दाखवलं गेलं. पुढच्या वर्षी, ३० ऑक्टोबर १९७२ रोजी, अध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली आणि जुलै १९७३ पासून किडनी निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येकाचा खर्च मेडिकेअर उचलू लागलं, वय काहीही असो. मेडिकेअर ही मुळात ६५ वर्षांवरच्यांची योजना, १९६५ ची. ज्या देशानं सर्वांसाठी आरोग्याची हमी आजवर दिलेली नाही, त्यानं एका अवयवासाठी ती दिली. सुरुवातीला रुग्ण होते दहा हजारांच्या आसपास. आज अमेरिकेत डायलिसिसवर असलेले पाच लाखांहून जास्त आहेत. मेडिकेअरमधले जेमतेम १ टक्का लोक या आजाराचे, आणि खर्च सुमारे ७ टक्के.

हा आकडा हमीच्या विरोधकांच्या हातातलं मोठं हत्यार आहे. त्यात तथ्यही आहे. हमी दिली की मागणी उघडी पडते आणि आधी जे घरी गुपचूप मरत होते ते दारात येतात. पण याला हमीचा दोष म्हणणं मला पटत नाही. ती माणसं आधीही आजारी होतीच, मोजली जात नव्हती एवढंच.

अमेरिकेच्या कायद्यातला दोष दुसरीकडे होता, आणि तो मला जास्त बोचतो. किडनी प्रत्यारोपण झालं की शरीरानं ती नाकारू नये म्हणून आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. केवळ किडनीच्या आजारामुळे मेडिकेअरमध्ये आलेल्या, ६५ च्या आतल्या माणसाला प्रत्यारोपणानंतर ३६ महिने झाले की योजनेतून बाहेर काढत. गोळ्यांचे पैसे मग स्वतःचे. ज्यांना ते झेपेनात ते एक दिवसाआड घेत, अर्धी घेत, बंद करत. मिळालेली किडनी जाई. ती गेली की माणूस पुन्हा डायलिसिसला, आणि डायलिसिसचा खर्च मेडिकेअर पुन्हा बिनतक्रार उचलायला तयार. गोळ्यांपेक्षा डायलिसिस कितीतरी महाग, हे सगळ्यांना ठाऊक असूनही हे वर्षानुवर्षं चाललं. कायदा बदलला डिसेंबर २०२० मध्ये, आणि अंमल आला जानेवारी २०२३ पासून. दुसऱ्याच्या शरीरातून आलेली, चांगली चालणारी किडनी गोळ्यांवाचून घालवायची, यासारखी वाया गेलेली गोष्ट वैद्यकात क्वचितच असेल.

ब्रिटनचं उत्तर वेगळं. तिथे ५ जुलै १९४८ पासून हमी सगळ्यांना, सगळ्या आजारांना, दारात पैसे न घेता. काय मिळेल आणि काय नाही याची रेघ कागदावर कुठेच नव्हती. पैसे आणि यंत्रं मात्र मोजकीच होती, त्यामुळे १९७० आणि ८० च्या दशकांत ती रेघ डॉक्टरांच्या खोलीत ओढली गेली. पंचावन्न-साठीच्या पुढच्या आणि मधुमेह असलेल्या कितीतरी रुग्णांना केंद्रापर्यंत पाठवलंच गेलं नाही. ‘आता यात करण्यासारखं फारसं काही नाही’ असं सांगितलं जाई. रुग्णाला वाटे, आजारच तसा आहे. नकार मिळाला हेच कळत नसेल तर दाद कशाची मागणार? डॉक्टरही खोटं बोलत नव्हते. कमतरतेत काम करता करता ‘परवडत नाही’चं ‘योग्य नाही’ कधी होतं, ते त्यांनाही कळत नव्हतं. हमीच्या बाजूच्या माणसांनी या इतिहासावरून घाईनं पुढे जाऊ नये असं मला वाटतं. सिॲटलच्या समितीची निवड निदान दिसत तरी होती.

दक्षिण आफ्रिकेत हाच प्रश्न न्यायालयात गेला. डर्बनचा ४१ वर्षांचा बेकार माणूस. मधुमेह, हृदयविकार, किडन्या गेलेल्या. खासगीत पैसे संपेपर्यंत डायलिसिस केलं. मग सरकारी रुग्णालयात गेला. तिथे २० यंत्रं होती आणि नियम असा, की ज्याची किडनी पुन्हा सुरू होऊ शकते त्याला आधी, आणि जुनाट आजार असेल तर प्रत्यारोपणाला लायक असलेल्यालाच. हृदयविकारामुळे तो लायक नव्हता. राज्यघटनेच्या कलम २७ मध्ये लिहिलं आहे, की तातडीचे उपचार कोणालाही नाकारता येणार नाहीत. त्याचं म्हणणं सरळ होतं: उपचार थांबले तर मी मरेन, मग हे तातडीचं नाही तर काय?

घटना न्यायालयानं २७ नोव्हेंबर १९९७ रोजी नकार दिला. निकालात भारतातल्या १९९६ च्या एका निकालाची चर्चा आहे. पश्चिम बंगालमध्ये ट्रेनमधून पडून डोक्याला मार लागलेल्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं होतं, आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं तो जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला होता. घटना न्यायालयाच्या न्यायाधीशांनी फरक दाखवला: तो अपघात होता, हा आयुष्यभर चालणारा आजार आहे. अशा सगळ्यांना डायलिसिस, आणि इतरांनाही असेच महागडे उपचार, द्यायचे तर आरोग्याचं अंदाजपत्रक प्रचंड वाढवावं लागेल, आणि ते वाढवणं न्यायालयाचं काम नव्हे. निकालानंतर थोड्याच दिवसांत तो माणूस गेला.

तो निकाल वाचताना घशाशी येतं. पण तो वाचता येतो, हेही खरं. कारणं लिहिली आहेत, त्यामुळे त्यांच्याशी भांडता येतं.

रेघ लिहून काढायची झाली तर कशी काढायची, याचा सगळ्यात धाडसी प्रयोग अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं केला. गरिबांच्या योजनेत कमी लोकांना सगळं देण्यापेक्षा सगळ्या गरिबांना ठरावीक गोष्टी द्याव्यात, असा विचार. आजार आणि उपचार यांच्या जोड्या केल्या, त्यांचा खर्च, होणारा फायदा आणि तो किती दिवस टिकतो, हे सूत्रात घातलं आणि १९९० मध्ये यादी बाहेर आली. त्यात दाताच्या टोपीचा क्रमांक गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भाच्या शस्त्रक्रियेच्या एक पायरी वर, आणि जबड्याच्या सांध्याचा आधार अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्या वर. गणित चुकलं नव्हतं. दाताची टोपी इतकी स्वस्त, की एका शस्त्रक्रियेच्या पैशात शंभरेक दात होतात, आणि शंभर छोट्या आरामांची बेरीज एका जिवाच्या बरोबरीला येते. माणसं मात्र तशी बेरीज करत नाहीत. समोर कोणी बुडत असेल तर त्याला आधी ओढतात. यादी मागे घेतली, गावोगाव सभा घेतल्या, जीव वाचवणारे उपचार हातानं वर सरकवले. फेब्रुवारी १९९४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा यादीत ६९६ जोड्या होत्या आणि रेघ ५६५ च्या खाली. दर अंदाजपत्रकाला रेघ वर-खाली करायची, पण सगळ्यांच्या देखत. सूत्र पुरेसं नसतं आणि सूत्राशिवायही चालत नाही, एवढं ओरेगॉननं दाखवलं.

मेक्सिकोनं २००४ पासून विमा नसलेल्यांसाठी मोठी सार्वजनिक योजना आणली. मुलांचा रक्ताचा कर्करोग तीत आला, गर्भाशयमुखाचा कर्करोग आला. डायलिसिस आलं नाही. ज्याच्या नोकरीला सामाजिक सुरक्षा जोडलेली होती त्याला ते मिळे, आणि त्याच गल्लीतल्या रोजंदारीवरच्याला नाही.

मग थायलंड. २००२ मध्ये तिथे ‘३० बाट’ योजना देशभर आली. जवळजवळ कोणताही आजार, एका भेटीला ३० बाट, पुढे २००६ मध्ये तेही काढून टाकले. सरकारी नोकर आणि संघटित कामगारांच्या योजना आधीपासून होत्या. उरलेले सुमारे पावणेपाच कोटी लोक, म्हणजे शेतकरी, फेरीवाले, घरकाम करणारे, या योजनेत आले. पैसा करातून. रुग्णालयाला नोंदवलेल्या दर माणसामागे वर्षाला ठरावीक रक्कम, पहिल्या वर्षी १,२०२ बाट, तो आजारी पडो वा न पडो. यात एक फायदा असतो आणि एक धोका. उगाच तपासण्या करून बिल फुगवण्यात रुग्णालयाला काही मिळत नाही, पण महागड्या रुग्णाला टाळण्यात मिळतं. त्यामुळे अशा योजनेत फार महागडे उपचार माणशी रकमेतून बाहेर काढून त्यांना वेगळा निधी द्यावा लागतो.

डायलिसिस सुरुवातीला सरळ वगळलं होतं, आणि तसं लिहिलं होतं. लिहिलं होतं म्हणून रुग्णांच्या संघटना त्या ओळीवर बोट ठेवू शकल्या. अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला. एक निरोगी वर्ष मिळवायला येणारा खर्च, कुठल्याही पद्धतीनं केलं तरी, देशाला परवडेल म्हणतात त्याच्या कितीतरी वर. सूत्राचं उत्तर ‘नाही’ असं होतं. तरीही जानेवारी २००८ पासून सरकारनं ते घेतलं, कारण दुसरा हिशोबही समोर होता: जमीन विकून, कर्ज काढून घरं कंगाल होत होती, आणि इतर दोन योजनांतल्या लोकांना डायलिसिस मिळत होतं.

पण कसं घ्यायचं, इथे त्यांची हुशारी आहे. यंत्रं आणि किडनीतज्ज्ञ बहुतेक राजधानीत. खेड्यातल्या माणसाला आठवड्यातून तीनदा शहरात आणायचं तर उपचार फुकट असूनही गाडीभाड्यानं तो मेला असता. म्हणून पोटाचं डायलिसिस आधी, असा नियम केला. पोटात मऊ नळी बसवतात. तीतून दोन लिटर द्रव आत सोडायचा, चार-सहा तास ठेवायचा, काढायचा, नवा भरायचा. दिवसातून चार वेळा, दर वेळी अर्धा तास, घरच्या घरी. महिन्याला १२० पिशव्या, प्रत्येकी दोन किलोंच्या वर. त्या घरोघर पोचवायला टपाल खात्याला कामाला लावलं. पिशव्या एकदम, मध्यवर्ती खरेदीनं घेतल्या.

यातही गोष्टी बिघडतात. पिशवी जोडताना नळीच्या टोकाला बोट लागलं, पंखा चालू राहिला, मुखपट्टी बांधली नाही, की पोटात संसर्ग. पहिली खूण म्हणजे बाहेर आलेला द्रव गढूळ दिसतो. पिशवी छापील कागदावर धरायची. अक्षरं वाचता येत नसतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कोरडी, बंद करता येईल अशी खोली ज्याच्या घरात नाही, हात थरथरतात, नजर अधू आहे, त्याला हे जमत नाही. आधी पोटाचंच करा ही सक्ती काहींना जाचली. २०२२ मध्ये निवड रुग्णावर सोडली, तसे लोक झपाट्यानं यंत्राकडे वळले आणि खर्च चढला. वाद संपलेला नाही. तो चालू आहे आणि आकडे समोर ठेवून चालू आहे, म्हणून मला थायलंडचं उत्तर आजवरच्या उत्तरांत सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

डायलिसिस हमीत आलं, असं छापून आलं की लोक हुश्श करतात. पण हमी मोडते ती नंतर, पॅकेजच्या बारीक अक्षरांत. दर खेपेमागे रक्कम ठरली आणि ती कमी ठरली, की केंद्र चार तासांचे साडेतीन करतं, तीन खेपांच्या दोन करतं, एकदाच वापरायचं नळकांडं धुऊन पुन्हा वापरतं. फिस्टुलाची शस्त्रक्रिया पॅकेजबाहेर राहिली तर रुग्ण मानेतल्या नळीवरच महिनोन् महिने काढतो आणि त्या नळीतून रक्तात जंतू जातात. रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन बाहेर राहिलं तर हिमोग्लोबिन खाली आणि माणूस अंथरुणात. उलटही होतं. अमेरिकेत ते इंजेक्शन वेगळं बिल करता येत होतं तोवर भरमसाट दिलं जाई. २०११ मध्ये ते एकाच रकमेत गुंडाळलं आणि मात्रा एकदम उतरल्या. आजार तोच, रुग्ण तेच, बदललं ते मुख्यतः बिल.

आणि पाणी. साध्या नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन रक्तापर्यंत पोचलं तर रक्तपेशी फुटतात. ॲल्युमिनियम साठलं तर मेंदू आणि हाडं जातात. म्हणून आधी कोळशाच्या टाक्या, मग आर.ओ., आणि दर पाळीआधी क्लोरीनची तपासणी. ब्राझीलच्या कारुआरू शहरात १९९६ मध्ये एका केंद्रात टँकरनं आलेलं, नीट शुद्ध न केलेलं पाणी वापरलं गेलं. त्यात शेवाळासारख्या जीवाणूंचं विष होतं. पन्नासहून जास्त रुग्ण यकृत निकामी होऊन गेले. त्यांना डायलिसिस नाकारलं नव्हतं, ते मिळतच होतं. पाणी तपासणाऱ्या माणसाचा पगार आणि तपासणीच्या पट्ट्या ज्या हमीत धरलेल्या नाहीत, तिला मी हमी म्हणणार नाही.

राहिला खिडकीवरचा पैसा. थोडं शुल्क ठेवलं की लोक उगाच येत नाहीत, हे म्हणणं जुनं आहे आणि अर्धं खरं आहे. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड संस्थेनं अडीच हजारांहून जास्त कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या योजनांत घातलं. काहींना सगळं फुकट, काहींना मर्यादेपर्यंत ९५ टक्के स्वतः भरायचे. भरणाऱ्यांचा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही. विरोधक इथे थांबतात. पण शुल्क लागलं की लोक नको ते जेवढं टाळतात, तेवढंच हवं तेही टाळतात, हे त्याच प्रयोगात दिसलं. आणि गरीब, रक्तदाब जास्त असलेल्या माणसांना फुकट उपचारांचा स्पष्ट फायदा झाला.

रक्तदाब आणि साखर, किडन्या जाण्याची ही सगळ्यात मोठी दोन कारणं. दोन्हींत बरीच वर्षं काही दुखत नाही. लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन वर्षातून एकदा पाहिलं तर वेळेवर कळतं, आणि रोजची एक स्वस्त गोळी कित्येकांची खुर्ची कित्येक वर्षं पुढे ढकलते. ज्याला काही दुखत नाही तो खिडकीवरच्या पहिल्याच नोटेला मागे फिरतो. दहा वर्षांनी तोच माणूस आठवड्याच्या बारा तासांचा हक्कदार होऊन येतो.

म्हणून कुठल्याही योजनेचा कागद आला की मला पहिलं पान वाचवत नाही, मागची यादी आधी उघडावीशी वाटते. डायलिसिसच्या खेपा आठवड्याला किती, किती तासांच्या. फिस्टुला आत की बाहेर. इंजेक्शन, येण्याजाण्याचं भाडं, पाण्याची तपासणी कोणाच्या खात्यावर. नकार दिला तर तो लेखी मिळतो का, आणि दाद कुठे मागायची. प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या किती महिने. आणि रक्तदाबाची गोळी महिन्याची एकदम हातात ठेवतात, की दर आठवड्याला रोजगार बुडवून रांगेत उभं करतात.